पिशवीतला हात

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की माझी बायको वर्षा आधी स्वयंपाकघरात जाते, भाजीची पातळ प्लास्टिकची पिशवी शोधते, उजवा हात तिच्यात घालते आणि पिशवीतल्या बोटांनी ती वस्तू चाचपून बघते. फ्रीज आला तेव्हा दुकानातली दोन माणसं घाम पुसत उभी होती आणि ही डोळे मिटून फ्रीजच्या दारावरून हात फिरवत होती. त्यातल्या एकाने मला हळूच विचारलं, "मॅडमले काही त्रास हाय का जी?"

मी म्हटलं, "आहे. वडिलांकडून आलेला."

तिचे वडील म्हणजे माझे सासरे, तुळशीराम लांजेवार. आमच्या भागात सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूबाईंना मामीजी. मामाजींची सगळी नोकरी जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गेली. रंगवलेले लोखंडी डबे त्यांच्यासमोर यायचे आणि रंग नीट बसला की नाही ते मामाजी सांगायचे. डोळ्यांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. ते म्हणायचे, "डोळा चमक पाहून भुलते. बोटाले भुलवता येत नाही. आन नुसत्या बोटाले जे समजत नाही, ते पिशवीतल्या बोटाले समजते." यामागचं शास्त्र मला ठाऊक नाही, पण मी करून पाहिलंय. धुतलेली, आरशासारखी दिसणारी गाडी पिशवीतून चाचपली की बारीक रेतीसारखी लागते. धूळ, डांबराचे कण, झाडाचा चीक, सगळं तिथंच चिकटलेलं असतं.

त्या डब्यांत काय भरलं जायचं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मामीजींनी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. उत्तर आलं, "ते डब्याले माहीत." मामीजी अजूनही हे सांगताना पदर सावरून म्हणतात, "तीन लेकरं नाई पन दोन तं झाले ना जी आमाले, तरी डब्यात काय ते सांगतलं नाई या मानसानं." मामाजींच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नसे. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवतो, कारण माझा संसार त्यावरच उभा आहे.

मी तुमसरला राईस मिलमध्ये सुपरवायझर. वर्षाला बघायला गेलो तेव्हाही तिथंच होतो, आणि माझ्याकडे एक स्कूटर होती. मध्यस्थाने मात्र लांजेवारांकडे 'मुलाकडे गाडी आहे' असं सांगून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं, स्कूटर ही गाडीच असते. पण जवाहरनगरहून निरोप आला की मुलाने गाडी घेऊनच यावं, परतताना मुलीच्या आजीला अड्याळला सोडता येईल. आता स्कूटरवर आई, काका, काकू आणि आजी मावणं कठीण. मी मित्राची निळी कार मागून आणली.

कार चालत होती, पण कळकटलेली होती. मी मुळात आळशी माणूस. आंघोळीच्या साबणानेच डोकं धुणारा. त्यामुळे दुकानात 'वन स्टेप क्लीनर वॅक्स' असं लिहिलेली बाटली दिसली तेव्हा ती माझ्यासाठीच बनवली आहे असं वाटलं. साफही करते, चमकही देते, वर मेणाचा थरही देते आणि सगळं एकाच फेरीत. मी गाडीवर दोन बादल्या पाणी फेकलं, ती जरा ओली झाल्यासारखी वाटल्यावर उन्हात उभी केली आणि अख्ख्या गाडीला एकदम ते औषध फासून चहा प्यायला गेलो. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन. परत आलो तर गाडीला चुना दिल्यासारखं झालेलं. मग दीड तास घासत बसलो. हाताला फोड आले. लांबून मात्र गाडी अशी चमकत होती की आईने तिच्यात बघून कुंकू सारखं केलं.

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये पोहे आले, तर्री आली, मुलगी आली. मुलीचे वडील मात्र आले नाहीत. खिडकीतून मला दिसलं की ते बाहेर गाडीपाशी उभे आहेत, डोळे मिटून, एक हात पिशवीत घातलेला, बॉनेटवरून सावकाश फिरतोय. मला वाटलं, यांच्या घरात काहीतरी आजार आहे आणि तो आपल्यापासून लपवलाय. पोह्याची बशी ठेवून मी बाहेर गेलो.

"गाडी तुमची?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"हो."

"लावायच्या आधी धुतली होती?"

"थोडी."

"थोडी," ते म्हणाले. हात टपाकडे गेला. "वरतून साखर लावली, खालची रेती तशीच हाय. आन उन्हात लावलं तुमी. सगळीकडे एकाच वेळी."

त्यांनी पिशवी काढून घडी घातली, खिशात ठेवली आणि माझा हात हातात घेऊन उलटा केला. फोड बघितले. आत गेल्यावर सगळ्यांना म्हणाले, "मुलगा कामाचा हाय. करते ते चुकीचं करते, पन सोडत नाई." माझ्या आईला हे कौतुक वाटलं. मलाही अजून ते तसंच वाटतं.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. बंपरच्या काळ्या पट्टीवर आणि दारांच्या काळ्या रबरावर ते मेण पांढरं सुकून बसलं होतं. घासून निघालं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या जुन्या बनियनचं एक स्वच्छ फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बंपरवरचं पांढरं पुसून घ्या. मालकाले दिसलं तं बरं नाई वाटनार."

अड्याळपर्यंत आजी मागे काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. लग्न झालं. बावीस वर्षं मी त्या घरचा जावई आहे, आणि त्या गाडीचा विषय मामाजींनी एकदाही, एकटे असतानासुद्धा, काढला नाही. डब्याले माहीत.

त्यांची स्वतःची गाडी लाल होती. टाऊनशिपमधले एक साहेब बदलून गेले तेव्हा त्यांच्याकडून घेतलेली, जुन्या बनावटीची. हल्लीच्या गाड्यांच्या रंगावर काचेसारखा पारदर्शक थर असतो. या गाडीवर तो नव्हता. लाल रंग उघडाच होता. त्यामुळे तिला साफ करताना पांढऱ्या फडक्याला लाली लागायची. मामाजी ते फडकं सगळ्यांना दाखवत. "हे पाहा. हे धूळ नोहे. हा रंग हाय. साफ करनं म्हंजे काढनं. जेवढं चमकलं, तेवढं गेलं."

त्यांच्या मते गाडीची तीन कामं होती, धुणं, काढणं आणि लावणं, आणि ही तीन कामं तीन वेगळ्या दिवशी करायची. शनिवारी दोन बादल्या घेऊन धुणं, एक साबणाची, एक फडकं पिळायची. रविवारी सावलीत, एका वेळी अर्धं दार, मळलेला रंग काढणं. हात सरळ, उभा-आडवा. गोल फिरवलेला त्यांना चालत नसे, कारण मग उन्हात कोळ्याचं जाळं दिसतं. सोमवारी मेण लावणं. आणि हे सगळं वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि अक्षय तृतीयेनंतर. मधल्या काळात नुसतं धुवायचं. फडकी फक्त त्यांच्या धुतलेल्या बनियनची, शिवण कापून टाकलेली. मामीजी म्हणायच्या, "गाडीले नवे बनियन आन आंगात भोकाचे."

निवृत्त झाल्यावर अड्याळजवळच्या आपल्या गावात त्यांनी घर बांधलं. भाऊबंदांची धानाची शेती, समोर तलाव, आणि घराआधी गाडीसाठी टिनाचं शेड. कडुनिंबाची सावली होती, पण झाडाचा चीक पडतो म्हणून त्यांनी झाड माणसांना दिलं आणि शेड गाडीला.

एकदा ते तुमसरला आमच्या मिलमध्ये आले होते. मी त्यांना हौसेने सगळं फिरवून दाखवलं. पॉलिशच्या मशीनपाशी ते थांबले. एका बाजूने भुरकट तांदूळ आत जात होता, दुसऱ्या बाजूने पांढरा, मोत्यासारखा बाहेर येत होता. त्यांनी खिशातून पिशवी काढली. आमचे हमाल कामं सोडून बघायला लागले. मामाजींनी पिशवीतला हात आधी भुरकट तांदळात घातला, मग पांढऱ्यात.

"चमक कोठून आली?" त्यांनी मला विचारलं.

"कोंडा काढला म्हणून."

"मंग तुमचं-आमचं एकच खातं हाय, जवाईबापू." ते खूश झाले. "फक्त तुमाले थांबाचं कोठं ते मशीन सांगते. आमाले हातानं ओळखा लागते."

तेव्हापासून त्यांच्या घरी तांदूळ पाठवायचा तो एक फेरी कमी पॉलिश केलेला, अशी ताकीद होती. मी एकदा विसरून नेहमीचा पाठवला. मामीजींनी भात वाढला, मामाजींनी एक घास घेतला आणि म्हणाले, "जवाईबापूनं वन स्टेप केलं." इतकंच. पण या शब्दांवरून मला समजलं की बाटलीचं नावही त्यांनी त्या दिवशी माझ्याकडून काढून घेतलं होतं आणि ते विसरले नव्हते.

पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा धरला. तीन दिवसांचं काम होईना. दिवाळीला मी, थोडं चिडवायला आणि थोडं खरंच, त्यांना वन स्टेप क्लीनर वॅक्सची बाटली दिली. मामीजींनी तोंडाला पदर लावला. वर्षाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चप्पल घालून गेलोय. मामाजींनी भिंग आणून बाटलीवरचं सगळं वाचलं, मागचंही. मग पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाला दिसणार नाही तिथं, दोन थेंब लावून घासलं. फडकं बघितलं. थोडी लाली होती.

"चावते," ते म्हणाले. "बारीक चावते. चावलंच पाहिजे, नाईतं साफ कसं करन? मांगून मेनही ठेवते." बाटलीचं झाकण लावलं. "वाईट नाई. आळशी हाय, पन प्रामानिक हाय. तुमच्यासारखं."

सासऱ्याने जावयाला दिलेलं इतकं मोजून-मापून प्रमाणपत्र मी दुसरं ऐकलेलं नाही.

तेव्हापासून वर्षातून दोनदा, एका रविवारी, त्या बाटलीने काम होऊ लागलं. तपासणीतली सवय म्हणून त्यांनी बाटलीवर पांढरा चिकटपट्टा लावला होता आणि काम झालं की त्यावर ते बारीक, सुबक आकड्यांत तारीख टाकत. "दोनपेक्षा जास्त तारखा एका वर्षात दिसल्या तं समजा मले भूल पडली," असं ते हसून म्हणाले होते. मी पण हसलो होतो.



एक दिवस मामाजी अड्याळच्या बाजारात गाडी घेऊन गेले आणि दुसऱ्याच्या मोटरसायकलवर भाजी घेऊन परत आले. मामीजींनी विचारलं, गाडी कुठं? ते म्हणाले, "सर्विसिंगले टाकली." गाडी दोन दिवस बाजाराच्या तोंडाशी उभी होती. ओळखीच्या भाजीवाल्याने आणून दिली. मामाजींनी गाडी परत आल्यावर पिशवी घालून हात फिरवला आणि म्हणाले, "काम चांगलं केलं नाई त्यायनं." ते खोटं बोलत होते की त्यांना तसंच वाटत होतं, हे आम्हाला समजलं नाही. नागपूरहून माझा मेहुणा प्रमोद आला आणि गाडीची किल्ली घेऊन गेला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की विसरणं वाढत जाईल. जुनं राहील, कालचं जाईल.

मामाजींनी किल्ली मागितली नाही. रोज सकाळी उठून, आंघोळ करून, शेडमध्ये जाऊन गाडीपाशी उभे राहत. मामीजी म्हणायच्या, "राहू द्या थितंच. थितं असले का ते पैल्यासारखे असतात."

मग गेल्या वर्षी, उन्हाळ्यात, मामीजींचा वर्षाला फोन आला. "तुह्ये बाबा रखवालदारी करून राहिले व. गाडी कोनीतरी खरवडून राहिलं म्हंतात. दिवसभर खुर्ची टाकून बसतात."

आम्ही तुमसरहून गेलो, प्रमोद नागपूरहून आला. बॉनेटच्या मधोमध जी उभी धार असते, तिच्यावर बोटभर रुंदीचा करडा पट्टा उघडा पडला होता. रंगाखालचं अस्तर. डाव्या दाराच्या कडेला तसाच एक, टपाच्या कोपऱ्यावर तिसरा. दगडाने खरवडलेलं असतं तर ओरखडे दिसले असते. हे फार मऊ होतं. कडेला लाल रंग विरत विरत गुलाबी झाला होता, मग करडा, आणि सगळं आरशासारखं चमकत होतं. कुणीतरी फार काळजीने ते केलं होतं.

मी शेडच्या फळीवरची बाटली उचलली. चिकटपट्ट्यावर तारखा होत्या. पट्टा संपल्यावर दुसरा लावलेला, त्याच्यावरही. रविवार, बुधवार, गुरुवार. मग एकच तारीख दोनदा, एकाखाली एक. तशीच तिसऱ्यांदा. आकडे तसेच सुबक, प्रत्येक वेळी जणू सहा महिन्यांनी पहिल्यांदाच टाकलेले. बाटलीही ती दिवाळीची नव्हती. मामीजींनीच तालुक्यावरून तशाच आणखी मागवून दिल्या होत्या. त्यांना काय माहीत. माणूस कामाला लागलाय याचाच त्यांना आनंद होता.

मी बाटली प्रमोदला दाखवली. त्याने तारखा वाचल्या आणि तो खाली बसला. मग म्हणाला, "भाऊजी, ही गाडी देऊन टाकू. उभीच आहे. आणि रोज हे बघून बाबांना त्रास होतो."

मामीजी दारात उभ्या होत्या. "गाडी गेली तं ते सकाळी कायले उठतीन रे?" त्या म्हणाल्या.

दुपारी आम्ही सगळे ओसरीवर बसलो. मामाजी शेडमधून आले, प्रमोदसमोर उभे राहिले. इतका राग मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"अस्तर दिसून राहिलं. मी इतक्या वर्षांत कोन्या डब्याचं अस्तर दिसू देल्लं नाई. कोन करून राहिलं हे? सांगा मले. तुमाले माहीत हाय. तुमच्या तोंडावर दिसून राहिलं."

प्रमोद म्हणाला, "बाबा, तुम्हाला आठवत नाही, पण हे..."

पुढचे शब्द त्याच्या ओठांवर होते आणि मला ते दिसत होते. एकदा ते बाहेर पडले असते तर मामाजी रात्रीपर्यंत ते विसरले असते, हे खरं. पण तेवढ्या वेळात त्यांना ते समजलं असतं. आणि उद्या पुन्हा अस्तर दिसलं असतं, पुन्हा त्यांनी विचारलं असतं, पुन्हा त्यांना सांगावं लागलं असतं.

"मी केलं," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलण्यात कच्चा आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"तुमी?" मामाजी माझ्याकडे वळले. "कवा?"

"तुम्ही दुपारी झोपले होते तेव्हा. मागच्या खेपेला. आणि त्याच्या आधी पण."

"वन स्टेप?"

"वन स्टेप."

"उन्हात?"

"उन्हात."

"धुतली होती?"

"थोडी."

मग त्यांनी मला जे झापलं, ते मी सगळं लिहिलं तर हा लेख संपायचा नाही. औषधात बारीक कण असतात ते कसे, धारेवर रंग मुळात पातळ असतो तो का, सपाट जागी हात फिरतो तेवढाच धारेवर फिरवला तर दुप्पट कसं निघतं, चमक दिसली की माणूस थांबत नाही आणि तिथंच कसा फसतो, आणि एवढी वर्षं या घरात येऊन जावई काय शिकला. एकही शब्द चुकला नाही, एकही नाव विसरलं नाही. वर्षा ओसरीच्या खांबाला टेकून रडत होती आणि हसतही होती. दहा मिनिटं आमचे मामाजी पूर्ण परत आले होते. त्यासाठी मी आणखी दोन-चार गाड्या खरवडल्याचं कबूल केलं असतं.

शेवटी दम लागून ते खुर्चीत बसले. "आता तुमी हात लावाचा नाई," ते म्हणाले. "मी पाहून घेईन."

तेच तर होऊन चालणार नव्हतं. प्रमोदने बाटली उचलून आत लपवली. त्याचा परिणाम दोन दिवसांत दिसला. मामाजी सकाळी शेडमध्ये जात, फळी चाचपत, परत येत, हातात घडी केलेलं बनियन घेऊन ओसरीवर बसून राहत. जेवायला बोलावलं तर म्हणत, "काम राहिलं हाय." मामीजींनी मला फोन केला, "जवाईबापू, काईतरी करा जी. हात रिकामे झाले का मानूस खचते."

एकाच फेरीत सगळं उरकणारा माणूस म्हणून मला एक उपाय सुचला, आणि तो अर्थातच लबाडीचा होता. मी नागपूरहून नुसतं मेण आणलं. पातळ, पांढरं, दिसायला तसंच. पण त्यात साफ करणारं काही नाही, चावणारं काही नाही. ते लावलं की रंग निघत नाही, वर फक्त थर बसतो. दिवसातून दहा वेळा लावा. रविवारी मामाजी दुपारी झोपले असताना मागच्या अंगणात मी आणि मामीजी बसलो. त्यांनी जुनी बाटली धरली, मी तिच्यातलं उरलेलं काढून धुतली, नरसाळं लावलं, नवं मेण ओतलं. थोडं सांडलं. मामीजी म्हणाल्या, "चोरी करून राहिलो ना जी आपन." मी म्हटलं, "हो." चिकटपट्टा तसाच होता. बाटली फळीवर ठेवली.

चारच्या सुमाराला मामाजी उठले, शेडमध्ये गेले. मी मागोमाग गेलो, हात लावू नये अशी ताकीद असल्याने लांब उभा राहिलो. त्यांना बाटली दिसली. कुठं होती, कशी आली, काही विचारलं नाही. हलवली, झाकण उघडलं, बनियनवर चार थेंब घेतले आणि बॉनेटच्या धारेपाशी, करड्या पट्ट्याच्या अगदी जवळ, सरळ हात फिरवायला लागले.

दोन हात फिरले आणि थांबले.

फडकं उलटं करून त्यांनी उजेडात धरलं. पांढरं. पुन्हा चार थेंब, पुन्हा दोन हात. पुन्हा फडकं उजेडात. पांढरंच. नंतर खिशातून पिशवी काढली, हात आत घातला, डोळे मिटले आणि बॉनेटवरून, मग करड्या पट्ट्यावरून, मग पुन्हा लाल रंगावरून हात नेला. तो पट्टा त्यांनी तीन वेळा चाचपला.

"आता चावत नाई," ते म्हणाले.

मी म्हणालो, "जुनं झालं असेल."

डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्याकडे पाहिलं, चेहऱ्याकडे, हातांकडे. माझ्या शर्टाच्या उजव्या बाहीवर, मनगटापाशी, मेणाचा एक पांढरा डाग सुकून बसला होता. मला तो दिसलाच नव्हता. त्यांची नजर तिथं थांबली.

त्यांनी दुसरं, कोरडं फडकं घेतलं, घडी सोडली आणि माझ्या हातात दिलं.

"बाहीवरचं पांढरं पुसून घ्या, जवाईबापू," ते हळूच म्हणाले. "मालकाले दिसलं तं बरं नाई वाटनार."

डॉक्टर म्हणाले होते, जुनं राहतं. कदाचित एवढंच असेल. बावीस वर्षांपूर्वीचं एक वाक्य, पांढरा डाग दिसला म्हणून वर आलेलं. मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

यंदाच्या थंडीत मामाजी गेले. गाडी अजून शेडमध्ये आहे. करडा पट्टा तेवढाच आहे, बोटभर, वाढला नाही. मला मात्र ते आठवतात ते त्या दुपारचे. मी शेडच्या खांबाशी उभा राहून बाही पुसत होतो, आणि डाग निघत नव्हता. मामाजी माझ्याकडे पाठ करून मुद्दाम दुसऱ्या बाजूला गेले होते. टपावर वाकून, खांदा जपत, ते सरळ हाताने मेण लावत होते, उभं आणि मग आडवं, आणि दर दोन हातांनी फडकं उजेडात धरून बघत होते. काही निघत नव्हतं. तरी ते घासत होते.